क्रौंचाच्या चोचीचं फूल

मुलांनो, उत्तराखंडातली ‘फुलों की घाटी’ पाहून आलेल्या माणसाला घरी परतल्यावर हटकून एकच प्रश्न विचारतात. ‘ब्रह्मकमळ पाहिलंत का?’ पाहिलं म्हटलं की शाबासकी, नाही म्हटलं की ‘अरेरे!’ आम्ही ब्रह्मकमळ पाहिलं. हेमकुंडच्या वरच्या चढावर, दगडांच्या कुशीत, फिकट हिरव्या पदरात गुंडाळून ठेवल्यासारखं. सुंदर असतं, यात वादच नाही. पण आज मी तुम्हाला ज्या फुलाबद्दल सांगणार आहे, त्याची चौकशी अजून एकानंही केलेली नाही. ते वाटेच्या कडेलाच असतं. इतकं कडेला, की चालणारे त्यावर काठी टेकवून पुढे जातात!

आम्ही पुण्याहून निघालो ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. एकूण नऊजण, त्यांत तीन शाळकरी मुलं. हरिद्वारहून पहाटे जीप निघाली, आणि मग दिवसभर एकच उद्योग : प्रयाग मोजायचे. प्रयाग म्हणजे दोन नद्यांचा संगम. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग... पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पुढे आहे. पाऊस रिपरिप लागलेला, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली गढूळ अलकनंदा. मधेच रस्त्यावर दरड आलेली असे, की सगळ्या गाड्या थांबत. ड्रायव्हर खाली उतरून निवांत गप्पा मारत बसे. घाई फक्त आपल्याकडच्या माणसांना!

जोशीमठला आम्ही मुक्काम केला. २०२३ च्या जानेवारीत याच गावातल्या शेकडो घरांना तडे गेले होते, जमीन खचू लागली होती. वर्तमानपत्रांत फोटो आले होते, काहींना आठवत असतील. भिंतीवरची एखादी तिरकी भेग दिसली की मुलं एकदम गप्प होत.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाट. तिथून चारेक किलोमीटरवर पुलना गाव आहे, तिथपर्यंत जीप जाते. पुढे मात्र आपले पायच आपली गाडी. घांगरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चढण, आणि सोबतीला फेसाळती लक्ष्मणगंगा. या वाटेवर गर्दी असते ती मुख्यतः हेमकुंड साहिबला निघालेल्या शीख यात्रेकरूंची. सत्तरीतल्या आजीबाई ‘वाहेगुरू, वाहेगुरू’ म्हणत आपल्याला मागे टाकून जातात! ज्यांना चालवत नाही, ते खेचरावर बसतात, नाहीतर पाठीवरच्या वेताच्या टोपलीत. या टोपलीला कंडी म्हणतात. एका कंडीत बसलेले काका मराठीतच ओरडले, ‘अहो, अजून किती राहिलंय?’ हिमालयात कुठंही जा, मराठी माणूस भेटतोच.

आमचा वाटाड्या खालच्या भ्यूंडार गावचा होता. गढवालीत मोठ्या भावाला भैजी म्हणतात, म्हणून मुलं त्याला भैजी म्हणू लागली, आणि तो मुलांना ‘भुला’, म्हणजे धाकटा भाऊ. त्याच्या गावाचं २०१३ च्या जूनमधल्या महापुरात फार मोठं नुकसान झालं. गावाची जागा दाखवताना तो थांबला नाही, नुसता हात केला आणि चालत राहिला.

भ्यूंडारच्या पुढे झाडी दाट झाली, आणि तिथं ते फूल पहिल्यांदा दिसलं.

जांभळट गुलाबी रंगाचं, काही ठिकाणी निळसरही. पाच पाकळ्या, सगळ्या सारख्या. मधोमध पांढरट गोल, आणि त्या गोलाकडे धावणाऱ्या गडद बारीक रेघा, जणू कोणी टोकदार पेन्सिलीनं आखल्या आहेत. फूल तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद. पानं हाताच्या पंजासारखी कापलेली, कडेला दाते. झाड ताठ उभं राहणारं नव्हेच. देठ जमिनीलगत पसरतात, शेजारच्या झुडपात शिरतात, आणि मग अचानक दुसऱ्याच झाडाच्या पानांतून याचं फूल डोकावतं. पुष्कळदा फुलं दोन-दोनच्या जोडीनं येतात. एका देठाला फाटा फुटून दोघं भाऊ शेजारी शेजारी.

‘भैजी, इसका नाम?’ मुलांनी विचारलं.

‘जंगली फूल है, भुला,’ भैजी म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, ‘जड़ काम की है. अंदर से लाल होती है.’

मूळ कामाचं आहे, ही गोष्ट खरी. हिमालयाच्या पश्चिमेकडच्या भागात याच्या मुळाचा उपयोग गावठी औषधात करतात. काश्मीरकडे त्याला रतनजोत म्हणतात. (या नावाची दुसरीही झाडं आहेत, म्हणून नुसत्या नावावर भरवसा ठेवायचा नसतो बरं का!) शास्त्रज्ञांनी त्याला दिलेलं नाव आहे, जिरेनियम वॉलिकियानम.

आता तुम्ही म्हणाल, ‘जिरेनियम? ते तर आमच्या गॅलरीत कुंडीत आहे!’

थांबा. इथंच खरी गंमत आहे. तुमच्या कुंडीतलं जिरेनियम हे जिरेनियम नाहीच! ते आहे पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेकडचं. दोघं एकाच कुळातली, म्हणजे चुलत भावंडं म्हणा. १७५३ साली लिनियस या मोठ्या शास्त्रज्ञानं सगळ्यांना एकाच ‘जिरेनियम’ या नावाखाली घातलं होतं. १७८९ साली लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यांची वाटणी केली. पण तोवर माळी लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं, ते आजपर्यंत सुटलेलं नाही. महाराष्ट्रात हल्ली काही शेतकरी सुगंधी तेलासाठी ‘जिरेनियम’ लावतात, तेही पेलार्गोनियमच. दोघांतला फरक ओळखणं सोपं आहे. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या एकसारख्या असतात. कुंडीतल्या पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींपेक्षा बहुधा वेगळ्या दिसतात. फूल दुहेरी पाकळ्यांचं नसेल तर आज घरी पाहा.

नावांचं आणखी एक कोडं सांगतो. ग्रीक भाषेत ‘गेरानोस’ म्हणजे क्रौंच पक्षी. त्यावरून जिरेनियम. ‘पेलार्गोस’ म्हणजे बलाक, आपल्या चित्रबलाकाच्या जातीचा. त्यावरून पेलार्गोनियम. आणि याच कुळात एक तिसरी वनस्पती आहे, इरोडियम, तिचं नाव बगळ्यावरून आलंय. एकाच घरात तीन लांब चोचीचे पक्षी! आता फुलाला पक्ष्याचं नाव का? फूल पाहून कधीच कळणार नाही. पाकळ्या गळेपर्यंत थांबावं लागतं. पाकळ्या गळल्या की मधला भाग लांबत जातो आणि त्याचं टोकदार, सरळ फळ होतं. खाली गोल डोकं, वर लांब चोच. आपल्या गोंदियाकडे भाताच्या शेतांत सारस पक्षी दिसतो ना, तो क्रौंचांच्याच घराण्यातला. त्यानं आभाळाकडे चोच करावी तसं ते फळ दिसतं. इंग्रजीत तर या फुलांना ‘क्रेन्सबिल’च म्हणतात, म्हणजे क्रौंचाची चोच.

आणि वॉलिकियानम हे आडनाव कुठून आलं? ते आलं एका डॉक्टरवरून. नाथानिएल वॉलिक हा १७८६ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला जन्मला. त्या काळी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला डेन्मार्कची वसाहत होती (आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे हं!). तिथं तो शल्यवैद्य म्हणून आला. आला तोच १८०८ मध्ये इंग्रजांनी श्रीरामपूर घेतलं आणि वॉलिक कैदेत पडला. पण त्याचं वनस्पतींचं ज्ञान पाहून त्यांनी त्याला सोडलं. पुढे हाच कैदी कलकत्त्याच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला! १८२० साली तो नेपाळात गेला आणि वर्षभर झाडं गोळा करत राहिला. त्यानं विलायतेला धाडलेल्या बुरांसाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या बिया तपकिरी साखरेच्या डब्यांत भरून पाठवल्या होत्या. एवढा लांबचा बोटीचा प्रवास, बी खराब होऊ नये म्हणून ही युक्ती. आपल्या फुलाचं शास्त्रीय नाव १८२१ साली छापून आलं आणि वॉलिकचं नाव त्याला कायमचं चिकटलं. मला विचाराल तर ‘रतनजोत’ जास्त गोड वाटतं. पण शास्त्रज्ञांनी मला विचारलेलं नाही.

घांगरिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर जवळजवळ आणखी एक कळसूबाई ठेवलं की घांगरिया येतं! रात्री गोधडीत शिरूनही दात वाजत होते.

सकाळी घाटीकडे निघालो. घांगरियाच्या बाहेर दोन वाटा फुटतात. उजवीकडची हेमकुंडला चढते, डावीकडची घाटीत जाते. डावीकडच्या वाटेला खेचरं सोडत नाहीत. फाटकावर परवाना घ्यायचा, आत कुठंही राहायचं नाही, आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यायचं. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की खडी चढण लागते, आणि तास-दीड तासानं एकदम डोंगर बाजूला सरकतात. समोर आठ-दहा किलोमीटर लांब हिरवीगार दरी, वर ढगात अडकलेल्या हिमनद्या, खाली फुलंच फुलं.

‘फुलं’ म्हटल्यावर ट्यूलिपच्या बागेसारखे रंगीत पट्टे डोळ्यांपुढे आणू नका. सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. माणसाच्या उंचीचा गुलाबी तेरडा होता. हो, आपल्या गौरीच्या तेरड्याचाच हिमालयी भाऊ. निळा बचनाग होता, तो विषारी. नागाच्या फणीसारखी एक वनस्पती पाहून मुलं दोन पावलं मागे सरली. आणि या सगळ्या उंच मंडळींच्या पायाशी, जिथं जरा उजेड मिळेल तिथं, आमचं जिरेनियम. घाटीत पाचशेहून जास्त जातींच्या फुलझाडांची नोंद आहे.

या जागेचा ‘शोध’ १९३१ साली लागला असं पुस्तकांत लिहितात. फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती ७,७५६ मीटर उंचीचं कामेट शिखर सर करून परत येत होते. तोपर्यंत माणसानं सर केलेलं ते सर्वांत उंच शिखर. परतताना पावसापाण्यात ते एक खिंड ओलांडून या दरीत उतरले. त्यांच्यातला होल्ड्सवर्थ हा फुलांचा जाणकार होता. त्याची काय अवस्था झाली असेल, विचार करा! १९३७ मध्ये स्माइथ खास फुलांसाठी पुन्हा आला, बिया-कंद घेऊन गेला, आणि पुढच्या वर्षी त्यानं ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक लिहिलं. नाव तेव्हापासून जगभर झालं. अर्थात भ्यूंडारच्या धनगरांना ही दरी कोणी शोधून द्यायला नको होती. त्यांच्या मेंढ्या दर पावसाळ्यात इथं चरायला यायच्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

दरीत आत गेल्यावर एक समाधी लागते. जोन मार्गरेट लेग ही बाई १९३९ साली ब्रिटनहून फुलं गोळा करायला आली होती. ४ जुलैला कड्यावरून पाय घसरून ती गेली. तिच्या बहिणीनं नंतर इथं येऊन दगड बसवला. मुलांनी तिथं फूल वाहायचं ठरवलं, पण घाटीत फूल तोडायला मनाई! शेवटी नुसते हात जोडले.

पाऊस जरा थांबला तेव्हा आम्ही एका मोठ्या धोंड्यावर बसलो आणि मुलांना एक काम दिलं. जिरेनियमच्या एकाच फुलाकडे पंधरा मिनिटं पाहायचं. हात लावायचा नाही. आधी कुरकुर झाली. पाच मिनिटांनी एक गुबगुबीत, केसाळ बंबल माशी आली. आपल्या भुंग्यासारखीच, पण अंगावर स्वेटर घातल्यासारखी. ती पाकळीवर उतरली आणि त्या गडद रेघांवरून सरळ मध्यभागी गेली. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी जावी तशी! मग दुसऱ्या फुलावर, मग तिसऱ्या.

ही साधी गोष्ट पहिल्यांदा नीट कोणाच्या लक्षात आली, ठाऊक आहे? एका शाळेच्या मुख्याध्यापकाच्या! आणि तीही जिरेनियममुळेच. पण त्यासाठी आपल्याला हिमालयातून थेट जर्मनीत जायला हवं.

बर्लिनजवळ श्पांडाऊ नावाचं गाव होतं, आता ते शहरातच आलंय. तिथल्या शाळेत क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल हा मुख्याध्यापक होता. १७८७ च्या उन्हाळ्यात तो रानजिरेनियमची एक जात पाहत होता, जिरेनियम सिल्व्हॅटिकम, आपल्या हिमालयी फुलाची युरोपातली बहीण. पाकळीच्या तळाशी त्याला अगदी बारीक मऊ केस दिसले. तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, ‘असतील!’ श्प्रेंगेलनं विचारलं, ‘का असतील?’ त्या केसांच्या खालीच मधाचे थेंब होते. त्याच्या मनात आलं, आपल्या भुवया आणि पापण्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊ देत नाहीत, तसं हे केस पावसाचं पाणी मधात जाऊ देत नसतील. पण मध राखून ठेवायचा तो कोणासाठी? फूल स्वतः तर तो पीत नाही. म्हणजे तो पाहुण्यांसाठी आहे, किड्यांसाठी!

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दुसऱ्या एका फुलाच्या मध्यभागी पिवळं कडं पाहिलं आणि ओळखलं, की ही मधाकडे जायची खूण आहे. दुकानाची पाटीच म्हणा. आणि माशी मध पिताना अंगाला पराग लागतो, तो ती दुसऱ्या फुलात नेते, तेव्हाच बी धरतं. बंबल माशी ज्या रेघांवरून चालत गेली, त्यांचा अर्थ हा.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. पुष्कळ फुलांत पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग लागत नाही. आमच्या मुलांनी नेमकं हेच पाहिलं. नव्या फुलात दहा पुंकेसर गडद रंगाच्या पिशव्या घेऊन उभे. जरा जुन्या फुलात त्या पिशव्या गळालेल्या, आणि मधे काळसर रंगाच्या पाच लांब जिभा चांदणीसारख्या उघडलेल्या. ‘हे दुसरं फूल आहे,’ एकजण म्हणाला. ‘नाही, तेच आहे, दोन दिवसांनी मोठं,’ दुसरी म्हणाली. तिचं बरोबर होतं.

श्प्रेंगेलनं १७९३ मध्ये मोठं पुस्तक छापलं, त्यात ४६१ जातींच्या झाडांची निरीक्षणं होती. लोकांनी काय केलं? दुर्लक्ष! सगळा वेळ फुलांत घालवतो आणि शाळेकडे पाहत नाही, अशा तक्रारी होत्याच. १७९४ मध्ये त्याची नोकरी गेली आणि थोड्याशा पेन्शनवर तो बर्लिनमध्ये राहिला. १८१६ साली तो वारला. पुढे १८४१ मध्ये चार्ल्स डार्विननं ते पुस्तक वाचलं, आणि मग जगाला कळलं की श्पांडाऊच्या मुख्याध्यापकानं काय पाहून ठेवलं होतं. शाळेच्या बाजूनं बोलायचं तर, मुख्याध्यापक शाळेत नसणं काही चांगलं नाही. पण त्या उन्हाळ्यात तो शाळेतच बसला असता, तर आपण आज या रेघांबद्दल काय बोललो असतो?

चला, परत घाटीत. माशीनं आपलं काम केलं, पाकळ्या गळाल्या, चोच लांबली. पुढे काय?

शेतात ज्वारी भरात आली की पाखरं हाकायला माळ्यावर उभा राहून शेतकरी गोफण फिरवतो. गोफणीत दगड ठेवायचा, गरगर फिरवायची, एक दोरी सोडायची, दगड सूं करत जातो. जिरेनियमकडे हुबेहूब अशा पाच गोफणी असतात! चोचीच्या बुडाशी पाच छोट्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत एक बी. प्रत्येक वाटीपासून एक पट्टी चोचीच्या टोकापर्यंत गेलेली. फळ वाळू लागलं की पट्टीची बाहेरची बाजू जास्त आक्रसते, ताण वाढत जातो, वाढत जातो, आणि एका क्षणी पट्टी खालून सुटून झटक्यात वर वळते. वाटीतलं बी भिरकावलं जातं, काही मीटर लांब. पाचही गोफणी सुटल्या की उरलेलं फळ उलट्या टांगलेल्या झुंबरासारखं दिसतं. आम्हाला असं एक झुंबर मिळालं, पण सुटणारी गोफण काही पाहायला मिळाली नाही. ओल्या हवेत पट्ट्या वाळत नाहीत, आणि पाऊस तर थांबायला तयार नव्हता.

बी पडलं, की थंडी येते. नोव्हेंबरपासून ही सगळी दरी बर्फाखाली जाते. जिरेनियमची पानं, देठ सगळं मरतं. पण झाड मरत नाही. जमिनीत त्याचं जाडजूड मूळ जिवंत असतं आणि बर्फ वितळला की तिथूनच नवे कोंब फुटतात. तेरड्याचं बरोबर उलट. तो दरवर्षी बियांपासून नव्यानं सुरुवात करतो. जिरेनियम मात्र जुना रहिवासी. एकच झाड वर्षानुवर्षं त्याच जागी राहतं. म्हणूनच त्या जागेवर दुसऱ्या कोणी बस्तान मांडलं, तर त्याची पंचाईत होते.

आणि तसं कोणीतरी आलंय. दरीच्या काही उतारांवर आम्हाला फुलं दिसलीच नाहीत. दिसलं ते एकच एक झुडूप, माणसाच्या छातीपर्यंत, कुठं डोक्याच्याही वर. पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे आणि रुंद पानं. एकाला एक खेटून, खाली अंधार. खाली वाकून पाहिलं तर पिवळी पडलेली चार पानं आणि ओली माती.

‘अमेला,’ भैजी म्हणाला.

अमेला हा काही परदेशातून आलेला पाहुणा नाही, आपल्या गाजरगवतासारखा. तो हिमालयातलाच, घरचाच. मग तो आताच असा का माजला? इथं दोन मतं आहेत. १९८२ साली घाटी राष्ट्रीय उद्यान झाली आणि मेंढ्या-बकऱ्यांना बंदी आली. काही लोक म्हणतात, पूर्वी जनावरं अमेल्याचे कोवळे कोंब खायची, तुडवायची, म्हणून तो आटोक्यात राहायचा. बंदी आली आणि त्याला मोकळं रान मिळालं. दुसरे म्हणतात, तसं नाही. जिथं मेंढ्यांचे तळ पडायचे, तिथं लेंड्यांनी जमीन खतावली होती, गवत खरवडलं गेलं होतं, दरडींनीही जमीन उघडी पडली होती. अशाच जागी अमेला आधी घुसला. म्हणजे दोष चराईचाच. आता वनखातं दरवर्षी माणसं लावून अमेला उपटतं. २००५ पासून ही घाटी जागतिक वारसा आहे, तेव्हा हातावर हात ठेवून बसता येत नाही.

भैजीला आम्ही विचारलं, तुझं काय मत? तो हसला. त्याचे आजोबा याच दरीत मेंढ्या आणायचे. ‘दादाजी म्हणायचे, घाटी आमची आहे. आता साहेब म्हणतात, घाटी सगळ्या दुनियेची आहे. मी अमेला उपटायला येतो तेव्हा मजुरी मिळते, पाहुण्यांना आणतो तेव्हा मजुरी मिळते. मेंढ्या विकल्या.’ तो हे रागानं म्हणाला नाही, पण गमतीनंही नाही.

आपल्या कासच्या पठारावरही अगदी हाच वाद झाला, साताऱ्याच्या मुलांना ठाऊक असेल. फुलं वाचवायची म्हणून जाळीचं कुंपण घातलं, गुरं थांबली. मग काही अभ्यासक आणि गावकरी म्हणू लागले, की गुरं बंद झाल्यापासून गवत माजलं आणि फुलं मागे पडली. माझं मत विचाराल तर अमेला उपटायलाच हवा, तोही बी धरायच्या आत. पण मेंढ्या परत आणायच्या का, किती, आणि कुठल्या उतारावर, हे ठरवताना भैजीसारख्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही बोलवायला हवं. शंभर वर्षांची आठवण आहे त्यांच्याजवळ, ती कुठल्या वहीत लिहिलेली नाही.

परतीच्या वाटेवर मुलांनी एक खेळ काढला. अमेल्याच्या प्रत्येक पट्ट्याच्या कडेला थांबून जिरेनियम शोधायचं. पट्ट्याच्या आत एकही नाही. कडेला मात्र होतं. लांब देठ काढून, उजेडाच्या बाजूला सरकून, एखाद-दुसरं फूल उघडून बसलेलं. सतरा ठिकाणी सापडलं. दोन ठिकाणी अमेला नुकताच उपटलेला होता आणि उघड्या मातीत पंजासारखी बारकी पानं वर येत होती. ती जिरेनियमचीच होती की आणखी कोणाची, यावर तिघांचं खालच्या पुलापर्यंत भांडण चाललं.

जाता जाता या फुलाच्या परदेशी नातवाची हकीकत सांगतो. विलायतेत गेलेलं आपलं वॉलिकियानम तिथल्या बागांत रुळलं. हिमालयातलंच दुसरं एक रानजिरेनियम, हिमालयेन्से, तेही तिथं पोचलं होतं. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या एका बागेत या दोघांच्या संकरातून आपोआप उगवलेलं झाड तिथल्या जोडप्याच्या लक्षात आलं. निळंजांभळं फूल, मधे पांढरा गोल, आणि महिनोन् महिने न थांबणारा बहर! बाईंच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं ‘रोझान’. २००० साली ते विक्रीला आलं, आणि २०१३ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाला शंभर वर्षं झाली तेव्हा शतकातलं सर्वोत्तम झाड म्हणून त्याचीच निवड झाली. आईबाप दोघंही हिमालयातले, बरं का! फक्त एक आहे. रोझानला बी धरत नाही. त्याच्या गोफणी रिकाम्याच. नवं झाड हवं असेल तर माळ्याला मुळाचे तुकडे करावे लागतात.

तुम्हाला जायचं असेल तर घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. जूनमध्ये अजून बर्फ असतं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर फुलांचा भर, आणि पावसाचाही. रेनकोट चांगला घ्या, आणि बुटांचा तळ झिजलेला नको. सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर लोक म्हणतील, ‘आता कशाला? फुलं संपली.’ त्यांचं ऐकू नका. तेव्हा ऊन असतं, चोची वाळलेल्या असतात, आणि दुपारी वाटेकडेला गुपचूप बसलं तर गोफणी सुटताना दिसायची खरी संधी तेव्हाच.